पाठीच्या मापाची खुर्ची

माझ्या नणंदेनं वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी बँडसॉ चालवायला घेतला, तेव्हा घरातल्या झाडून सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. त्यात पहिला नंबर माझा. नणंदेला नावं ठेवायची आयती संधी कुठली भावजय सोडेल? पण खरं सांगायचं तर मला नुसती भीती वाटत होती. ते यंत्र मी पाहिलं होतं.

बँडसॉ म्हणजे लाकूड कापायचं उभं यंत्र. माणसाच्या उंचीचं, कपाटासारखं, हिरव्या रंगाचं. आत वर एक चाक, खाली एक चाक, आणि दोन्हींवरून फिरणारं दातेरी पोलादी पातं. बोटभर रुंद, दोन्ही टोकं जोडून अखंड केलेलं. मध्ये कमरेच्या उंचीवर लोखंडी टेबल. त्या टेबलातून पातं वरून खाली सारखं धावत असतं आणि लाकूड आपण हातानं त्याच्या पुढ्यात सरकवायचं. लाकूड आलं तर लाकूड, बोट आलं तर बोट. त्याच्या लेखी दोन्ही सारखंच.

यंत्र होतं वन्संच्या नवऱ्याचं. त्यांना सगळे मिस्त्री म्हणायचे. मीही मिस्त्रीच म्हणायची, आणि वन्सं स्वतः तिऱ्हाइतापुढे 'आमचे मिस्त्री' असंच बोलायच्या. चाळीस वर्षं लाकडात काढून दहाच्या दहा बोटं जागेवर असलेला माणूस. त्या धंद्यात ही अप्रूपाची गोष्ट. कोणी त्याचं गुपित विचारलं तर म्हणायचे, "काही नाही हो, मी पहिल्यापासून भित्रा." आणि खरंच, सकाळी यंत्र सुरू करायच्या आधी ते त्याच्याभोवती असे फिरायचे, जसं काही त्याची रात्री नीट झोप झाली की नाही ते बघताहेत.

वन्सं शिवणकाम करायच्या. घराच्या पुढच्या अंगाला दोन खोल्या, मध्ये भिंत, भिंतीत दार. अलीकडे त्यांचं शिवणयंत्र, पलीकडे मिस्त्रींचं काम. कोट, सदरे, शाळेचे गणवेश. एकदा त्यांच्या टेपखालून गेलेली पाठ त्या विसरायच्या नाहीत. रस्त्यात कोणी पाठमोरं चाललेलं दिसलं की मला कोपर मारून म्हणायच्या, "हा बघ, उजवा खांदा पाव इंच खाली. राखाडी कोट." नाव आठवायचं नाही, खांदा आठवायचा. मधल्या उंबऱ्यावर एका बाजूनं भुसा यायचा, दुसऱ्या बाजूनं दोऱ्याचे तुकडे, आणि तो केर कोणी काढायचा हे त्या दोघांचं तीस वर्षं चाललेलं एकमेव भांडण.

मग एका सकाळी चहाचा पेला मिस्त्रींच्या हातातून सुटला आणि ते तसेच बसल्या जागी कलंडले. अर्धांगवायू. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. म्हणजे सगळी नाही गेली. एक शब्द राहिला. 'थांब.'

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. शब्दांचं कपाट कोसळतं आणि माणसाच्या हाताला एखादाच शब्द लागतो. पाणी हवं, तर 'थांब'. पाणी नको, तरी 'थांब'. खिडकी उघड, 'थांब'. आनंद झाला, 'थांब'. मी रजा टाकून त्यांच्या घरी मदतीला गेले होते. सुरुवातीला माझी नुसती तारांबळ. ते 'थांब' म्हणाले की मी जागच्या जागी थांबायची आणि ते आणखीच चिडायचे, कारण त्यांना म्हणायचं असायचं, 'अगं, चल लवकर.' वन्संना मात्र पंधरा दिवसांत सगळे 'थांब' वेगवेगळे ऐकू यायला लागले. मी विचारलं, "वन्सं, तुम्हाला कळतं कसं?" तर म्हणाल्या, "तुझा नवरा 'हं' म्हणतो तेव्हा तुला नाही का कळत, कुठला हं ते?"

खरा प्रश्न बसण्याचा होता. मिस्त्रींना खुर्चीत बसवलं की दहा मिनिटांत त्यांचं अंग उजवीकडे ओघळायचं, अर्धवट भरलेलं पोतं कलंडावं तसं. उशा लावल्या, टॉवेलच्या गुंडाळ्या लावल्या. दवाखान्यातून मागून आणलेली चाकाची खुर्ची त्यांच्या अंगाला इतकी ऐसपैस की ते तिच्यात हरवूनच जायचे. एकदा मी रुंद पट्ट्यानं बांधून बघितलं. त्यांनी आवाज केला नाही. नुसतं डोळ्यांतून पाणी आलं. वन्संनी येऊन पट्टा सोडला आणि मला म्हणाल्या, "पुन्हा नको हं." एवढंच.

पुढच्याच आठवड्यात त्या बटणं आणायला कोपऱ्यावर गेल्या असताना मिस्त्री खुर्चीतून खाली घसरले. मी मागे कपडे वाळत घालत होते. आत आले तर ते जमिनीवर, गाल फरशीला टेकलेला, आणि डाव्या हातानं फरशीवरचा भुसा आणि दोरे गोळा करून त्याची छोटी ढिगुळी करत होते. तीन महिन्यांत त्या उंबऱ्याचा केर कोणी नीट काढलाच नव्हता. लागलं काही नाही. पण वन्सं परत आल्या, आम्ही दोघींनी त्यांना उचललं, आणि मग त्यांनी गळ्यातली टेप काढली.

नवऱ्याचं माप तीस वर्षं त्यांच्या वहीत होतं. ते पान त्यांनी उघडलंसुद्धा नाही. मिस्त्रींना बसवून, मी समोरून धरून, वन्संनी नव्यानं माप घेतलं. मानेपासून कमरेपर्यंत, खांद्यापासून खांद्यापर्यंत, काखेखालून बैठकीपर्यंत दोन्ही बाजूंचं वेगवेगळं. "अडीच इंच," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "अडीच इंचांचा फरक आहे आणि आपण उशा कसल्या लावतोय!" मग तपकिरी कागद पसरून त्यांनी कोटाची पाठ बेततात तशी खुर्चीची पाठ बेतली. डावी बाजू एक, उजवी बाजू दुसरीच. उजवीकडे काखेखाली एक उंचवटा, तळहातानं आधार द्यावा तसा.

तो कागद घेऊन आम्ही चौकातल्या सुताराकडे गेलो. भला माणूस, मिस्त्रींना गुरू मानणारा. कागद उलटासुलटा करून म्हणाला, "ताई, खुर्चीच्या दोन्ही बाजू सारख्या असतात."

"माणसाच्या नसतात," वन्सं म्हणाल्या.

"मग माणसाला उशी द्यायची. लाकडाला असली मापं लावत बसलं तर झालंच कल्याण."

वन्संनी कागदाची घडी केली. घराच्या पायरीवर मला म्हणाल्या, "ज्याचं जळतं त्याला कळतं. मी कापते."

मिस्त्रींना सांगितलं तेव्हा अर्धा तास नुसतं 'थांब, थांब, थांब' चाललं होतं. हे 'थांब' माझ्यासारखीलाही कळत होते. वन्संनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. तुम्ही शिकवू नका. मी तुम्हाला न विचारता शिकते." मिस्त्री गप्प झाले. मग डावा हात उचलून त्यांनी मधल्या दाराकडे बोट केलं. आम्ही चाकाची खुर्ची आत ढकलत नेली.

पहिली गोष्ट त्यांनी काय केली असेल, तर भिंतीवरच्या प्लगकडे बोट दाखवलं. वन्संनी प्लग काढला. मिस्त्रींनी हात पुढे केला. प्लग त्यांच्या हातात दिला तर तो त्यांनी मांडीवर ठेवला आणि वर डावा तळहात दाबून बसले. पुढे सगळे दिवस हाच नियम. यंत्राचं दार उघडायचं, काही सैल करायचं, काही आवळायचं, तर आधी प्लग मिस्त्रींच्या मांडीवर. त्यांचं समाधान होईपर्यंत तो मिळायचा नाही. वन्संनी एकदा घाई केली, "अहो, द्या ना, झालंय सगळं." त्यांनी प्लग सरळ सदऱ्याच्या आत टाकला.

यंत्राची दोन्ही दारं उघडली तेव्हा वन्सं बघतच राहिल्या. मला वाटलं, घाबरल्या. तर हळूच म्हणाल्या, "अगं, हे तर माझंच यंत्र आहे. मोठ्ठं केलेलं." तीस वर्षं भिंतीपलीकडून त्याचा आवाज ऐकला होता, पण आतून कधी पाहिलं नव्हतं. वर चाक, खाली चाक, चाकांवर रबराची पट्टी. दोऱ्याऐवजी पातं. आणि माथ्यावर ताणाचं हातचाक. ताण म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. दोऱ्याचा ताण त्यांनी आयुष्यभर टाक्याकडे बघून ओळखला होता. इथं मिस्त्रींनी त्यांना पात्याच्या सपाट बाजूवर नखानं टिचकी मारायला लावली. भद्द आवाज आला. 'थांब,' म्हणजे अजून. हातचाक अर्धा फेरा. टिचकी. अजून. पुन्हा टिचकी. सहाव्या खेपेला पातं तारेसारखं वाजलं आणि मिस्त्रींनी डोळे मिटले. वन्संनी तो सूर दोनतीनदा गुणगुणून पाठ केला. मी बाजूला उभी राहून बघत होते. एक बाई लोखंडाचा सूर पाठ करत होती.

मग पातं चाकाच्या मधोमध धावतंय की नाही ते बघायचं. वरचं चाक हातानं हळूहळू फिरवायचं. पातं कडेला सरकायला लागलं तर मागची मूठ किंचित पिळून चाकाचा कल बदलायचा. पाव फेऱ्याहून जास्त नाही. मग पात्याला दोन्ही बाजूंनी सांभाळणारी छोटी बेअरिंगं. ती पात्याला चिकटायची नाहीत आणि लांबही राहायची नाहीत. किती अंतर, ते मिस्त्री बोटांच्या चिमटीनं दाखवत होते आणि वन्संना कळेना. मग वन्संनीच आपल्या बेतायच्या कागदाचा कपटा फाडून पातं आणि बेअरिंग यांच्या मध्ये सरकवला. "एवढं?" मिस्त्री हसले. आजारपणात मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. अर्धंच तोंड हसलं, पण हसलं. पाठीमागच्या बेअरिंगलाही तोच कागद. आणि दाते बेअरिंगच्या बाहेर राहिले पाहिजेत, नाहीतर दाते जातात. शेवटी टेबलाला गुण्या लावून पातं काटकोनात आहे का ते बघायचं.

या सगळ्याला चार दिवस लागले. लाकडाचा एक कपटाही कापला नव्हता. मी म्हटलं, "वन्सं, एवढ्या वेळात तुम्ही दोन कोट शिवले असते." त्या म्हणाल्या, "आणि दोन्ही उसवावे लागले असते."

पाचव्या दिवशी अंगावरची तयारी. गळ्यातली साखळी काढली, अंगठी काढली, केस घट्ट बांधून वर रुमाल. बाह्या मिस्त्रींना सैल वाटल्या, तर वन्संनी तिथल्या तिथं टाके घालून मनगटाशी आवळून घेतल्या. डोळ्यांना चष्मा. मी हौसेनं हातमोजे आणून दिले तर मिस्त्रींनी ते फेकूनच दिले. चालू यंत्रापाशी मोजे नाहीत. दात्यानं मोजा पकडला तर मोज्यासकट हात जातो. मग त्यांनी वन्संच्या टेबलावरचा शिंप्याचा खडू मागितला. डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या रेघांनी, त्यांनी लोखंडी टेबलावर पात्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा आखली. तिच्यावर पुन्हा पुन्हा फुली मारली. या चौकटीत हात न्यायचा नाही. तिथं काठीनं ढकलायचं. पात्यावरचं संरक्षक झाकण लाकडापासून बोटभर उंचीवर आणायचं, त्याहून वर नाही. मिस्त्री स्वतः पूर्वी म्हणायचे ते वन्संना तोंडपाठ होतं: "उघडं पातं जितकं कमी, तितकी बोटं जास्त."

प्लग लावला. वन्संनी कळ दाबली. आधी घरघर, मग चाकांचा वेग वाढत वाढत एक अखंड गुंजन. तीन महिने बंद पडलेला आवाज घरात परत आला. वन्संनी लाकडाला हात लावला नाही. पातं इतकं भरधाव होतं की ते हलतंय असंच वाटत नव्हतं. नुसती एक चकचकीत रेघ उभी होती. मिनिटभर त्या रेघेकडे बघून त्यांनी लाल बटण दाबलं. पातं पूर्ण थांबेपर्यंत हात मागे बांधून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हे रोज यांच्या समोर असायचं. आणि मी जेवायला हाका मारत बसायची."

पहिले काही दिवस टाकाऊ फळ्यांवर सरळ रेघा. मग वळणं. वळणावर एकदा गडबड झाली. रेघ जास्त गोल होती, पातं आत अडकलं आणि वन्संनी लाकूड चालू पात्यावरच मागे ओढायला सुरुवात केली. पातं चाकावरून पुढे सरकू लागलं, आवाज बदलला. मिस्त्री ओरडले. लाल बटण. पातं थांबलं, मग लाकूड सोडवलं. प्लग लगेच सदऱ्याच्या आत जप्त. वन्सं त्या गोलाईकडे बघत उभ्या राहिल्या आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला. "मी वेडीच! काखेच्या गोलाईला आपण कातर नाही का देत?" गोल शिवणीला ताण पडू नये म्हणून शिंपी कापडात छोटे छोटे छेद देतात. त्यांनी खडूनं रेघेच्या बाहेरच्या, टाकाऊ बाजूवर तसेच छेद आखले: आधी हे कापायचे, मग गोलाई कापताना तुकडे आपोआप गळून पडतील, पात्याला वळायला जागा मिळेल. आखून मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्री हे त्यांना शिकवणारच होते. तोंड उघडून बसले होते. मग त्यांनी सदऱ्यात हात घालून प्लग काढला आणि स्वतःहून पुढे केला.

तिसऱ्या आठवड्यात खुर्चीची फळी कापायला घेतली. जाड, चांगलं मुरलेलं लाकूड होतं. पहिला काप अर्धा झाला असेल, तर मिस्त्री म्हणाले, "थांब."

वन्संनी हात तिथंच रोखले, पण यंत्र चालू. मला काहीच वेगळं वाटलं नव्हतं. तेच गुंजन, तोच भुशाचा वास. मिस्त्रींना पाणी हवं असेल म्हणून मी पेला घ्यायला वळले. तेवढ्यात वन्संनी लाल बटण दाबलं. "तो वेगळा होता," त्या म्हणाल्या. "हा थांब मी कधी ऐकला नाही."

पातं पूर्ण थांबल्यावर प्लग काढला, दारं उघडली. मिस्त्री डाव्या तर्जनीनं खुर्चीच्या दांडीवर ठोके देत होते. टिक. टिक. टिक. सारख्या अंतरानं. यंत्रात असा आवाज होता? मी शपथेवर सांगते, मला ऐकू आला नव्हता. वन्सं चाक हातानं इंच इंच फिरवत पातं तपासायला लागल्या, सुईत दोरा ओवायचा भिंगाचा चष्मा डोळ्यांवर. एक फेरा झाला, काही नाही. दुसरा. आणि मग, जोडापासून चार बोटांवर, पात्याच्या पाठीकडून दात्यांकडे जाणारी केसाएवढी रेघ. जाड मोजे घालून त्यांनी पातं ताण सोडून उतरवलं आणि तिथं जरासं वाकवलं. रेघ ओठासारखी उघडली. निम्मं पातं तुटलेलं होतं.

ते तुटून उसळलं असतं तर मी उभी होते त्याच बाजूला आलं असतं. मिस्त्री मान खाली घालून बसले होते, दमलेले. पूर्ण अंग धड असताना हा माणूस भित्रा म्हणून फिरायचा. आणि आता अर्धं अंग गेल्यावर कळलं की त्या भीतीला कान होते. तो तडा प्रत्येक फेऱ्याला बेअरिंगवरून जाताना एवढासा वाजत होता आणि ते त्या घोंगावण्यातून त्यांनी निवडून काढलं होतं, जसा तांदळातून खडा. वन्सं त्यांच्या पुढ्यात जमिनीवर बसल्या. मिस्त्रींचा डावा कान त्यांनी दोन्ही हातांत धरला, लहान मुलाचा धरतात तसा, पण पिळला नाही. नुसता धरून ठेवला.

नवीन पातं आलं ते तीन वेटोळ्यांत घडी करून बांधलेलं. दोरी सोडताच ते सणकन उसळून भलंमोठं कडं झालं आणि मी किंचाळून मधल्या दारातून पलीकडे. दोघं नवराबायको माझ्यावर हसली. हसूदेत.

पुन्हा टिचकी, पुन्हा सूर, पुन्हा कागदाचा कपटा. मग ती जाड फळी वन्संनी उभी धरून मधोमध चिरली, एकीच्या दोन पातळ फळ्या करायला. सावकाश, आधाराच्या लाकडाला टेकवून, शेवटच्या वीतभरात काठीनं ढकलत. काप पूर्ण झाला, यंत्र थांबलं आणि त्यांनी दोन्ही फळ्या पुस्तकाची पानं उघडावी तशा उघडल्या. आतल्या लाकडाच्या नक्षीतलं एकेक वळण दोन्हीकडे सारखं होतं, आरशात बघितल्यासारखं. मधे एक तपकिरी डोळा, इकडे एक, तिकडे एक. हे आत्तापर्यंत कोणीच पाहिलेलं नव्हतं, ज्या झाडाचं ते होतं त्यानंसुद्धा. वन्संनी फळ्यांवरचा भुसा फुंकून उडवला.

त्याच फळ्यांतून खुर्चीची पाठ झाली. डावी बाजू एका वळणाची, उजवी दुसऱ्या. जोडकाम, घासकाम करायला चौकातला सुतार आला. मुकाट्यानं आला आणि मुकाट्यानं काम केलं. जाताना उंचवट्यावरून तळहात फिरवत म्हणाला, "ताई, माझी आई पण एका कुशीला कलते."

दुपारी आम्ही मिस्त्रींना खुर्चीत बसवलं. मी सवयीनं उजवीकडून धरून उभी. "सोड," वन्सं म्हणाल्या. मला सोडवेना. "अगं सोड, मी माप घेतलंय." मी हात काढला. दहा मिनिटं झाली. पंधरा. मिस्त्री बसले होते, ताठ नाही, पण स्वतःच्या पाठीवर बसले होते. ते लाकूड त्यांच्या गेलेल्या बाजूला असं भेटलं होतं की मला त्याच्याकडे बघवेना, आणि नजरही काढवेना. त्यांनी डाव्या हातानं उजवीकडची कड चाचपली, वरपासून खालपर्यंत, जिथं पातं वळलं होतं तिथं जरा थांबून. मग झोपून गेले. दोन तास झोपले. कलंडले नाहीत.

त्यानंतर सुताराच्या आईची खुर्ची झाली. मग ग्रंथालयातल्या बाईंची, ज्यांचा कणा लहानपणापासून नागमोडी होता. मग आयुष्यभर लॉरी चालवून कंबर गेलेल्या एका चालकाची. वन्सं आधी टेप लावायच्या, मग कागद बेतायच्या, मग पलीकडच्या खोलीत जायच्या. एका वेळी एकच खुर्ची, आणि मन थाऱ्यावर नसेल त्या दिवशी यंत्राला हात नाही. मिस्त्री आणखी सात वर्षं जगले. रोज सकाळी त्या खुर्चीत बसून पात्याचा सूर ऐकायचे. शेवटच्या दोन वर्षांत त्यांना आणखी तीन शब्द सापडले: 'ताण', 'कागद' आणि माझ्या नणंदेचं माहेरचं नाव, ज्या नावानं त्यांना कुणी हाक मारलेली मी तोवर ऐकली नव्हती.

आता वन्सं सत्तरीला आल्यात. दहाच्या दहा बोटं शाबूत. परवा मी गेले होते. ओट्याशी उभी राहून भाजी चिरत होते, तर मागून टेप पाठीवर आली.

"हे काय वन्सं?"

"गप्प उभी राहा." खांद्यापासून कमरेपर्यंत एक बाजू, मग दुसरी. पुन्हा पहिली. मग म्हणाल्या, "डावीकडून पाऊण इंच गेलीयस. कधीपासून दुखतंय?"

मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. वर्षभर ऑफिसच्या खुर्चीत मी पुठ्ठा घालून बसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या यंत्राभोवती फिरल्या. टिचकी मारली, कान दिला, कपटा सरकवून बघितला. संरक्षक झाकण बोटभर उंचीवर आणलं. मी दारात उभी होते, उंबऱ्याच्या अलीकडे. फळीवर पांढऱ्या खडूची एक वाकडी रेघ होती, आणि ती माझी होती. इतकी वर्षं मी ती बरोबर घेऊन फिरत होते आणि कधी पाहिली नव्हती. वन्संनी कळ दाबली. दोन्ही हात खडूच्या चौकटीबाहेर ठेवून, जराही घाई न करता, त्यांनी माझी पाठ पात्यापुढे सरकवायला सुरुवात केली.